काचेतलं चाक

—नाही नाही, लावा की ते ऐकायचं यंत्र परत कानाला, काढलंत कशाला? माझ्यामुळे? अहो मी आपला बाकावर बसलोय. तुम्ही ऐकता ऐकता वळून माझ्याकडे बघितलंत, मग त्या फोटोकडे, मग परत माझ्याकडे — म्हणून म्हटलं, उगाच संशय नको, मीच तो. फोटोत केस जास्त आहेत एवढंच. आणि त्या कानातल्या यंत्रात बोलतोय तोही मीच. ऐकलंत ना पूर्ण? साडेतीन मिनिटं आहे, मला पाठ आहे. "मी शेवटचा दोरवाला. माझ्या मागे कोणी नाही. दोर वळणं बंद झालं, पट्टी आता नुसती पडून आहे." मध्ये खोकलोय बघा, तो खोकलासुद्धा ठेवलाय त्यांनी, म्हणे त्याने फार खरं वाटतं. बसा ना. नाही, इकडे, या बाजूला — उजव्या कानाने मला जरा कमी ऐकू येतं. सुनावणीला आलात ना? वाटलंच, एरवी भर दुपारी या संग्रहालयात कोण फिरकतंय. तीनला आहे, वरच्या दालनात, अजून वेळ आहे. वही आहे हातात, म्हणजे वर्तमानपत्रातल्या दिसताय. बरं, नसाल, मला काय. लिहायचं असेल ते वर गेल्यावर लिहा, हे आपलं दोन माणसं बसली म्हणून बोलणं.

तुम्हाला दोरातलं काही कळतं का? नाही ना, मग थोडं ऐकून घ्या, नाहीतर वर जे काय चालेल ते डोक्यावरून जाईल. दोर जमिनीएवढाच होतो. हसू नका, खरंच — जेवढी लांब जागा तेवढाच लांब दोर, त्याला दुसरा इलाज नाही. इथून पायी दहा मिनिटांवर आमचं घर. त्या घराच्या मागच्या दारापासून थेट नदीपर्यंत आमची पट्टी, चारशे पावलं लांब, आठ पावलं रुंद, सरळ, ना चढ ना उतार. दाराशी चाक. कमरेला तागाचा भारा गुंडाळायचा, त्यातला चिमूटभर ओढून चाकाच्या आकड्याला अडकवायचा, आणि चाक फिरायला लागलं की मागे चालत सुटायचं. बोटांतून ताग सुटत जातो, त्याला पीळ बसत जातो, आपल्या पुढ्यात सूत लांबत जातं. तोंड चाकाकडे, पाठ नदीकडे, चारशे पावलं उलटी. अशी सुतं, त्यांचे तीन पेड, तीन पेडांचा एक दोर. सांगायला सोपं आहे. पण चालणाऱ्याने मागे बघायचं नाही — मान वळली की बोटं हलतात, बोटं हलली की सूत तेवढ्या जागी बारीक होतं, आणि पुढे कधीतरी ऐन पुरात नावाड्याचा दोर नेमका तिथेच तुटतो. मग मागचं कोण बघणार? चाकावर बसलेला. तो ओरडतो — शेळी! दगड! डबकं! — आणि हात ज्या बाजूला करील त्या बाजूला आपण सरकायचं, का-कशाला विचारायचं नाही. माझे वडील आजोबांच्या भरवशावर चालले, मी... मी पण चाललो, चाळीस वर्षं. चहा घेणार? तिकडे यंत्र आहे, बटण दाबलं की येतो, चव मात्र कसलीच नाही.

हां, तर कागद. पट्टीचा कागद आहे आमच्याकडे, पणजोबांच्या काळचा. भाषा लांबलचक, पण कामाची ओळ एकच — जोवर या पट्टीवर दोर वळला जाईल तोवर पट्टी दोरवाल्यांच्या घराकडे राहील, ज्या दिवशी दोर बंद त्या दिवशी पट्टी सरकारजमा. विकायची नाही, बांधायची नाही, नुसता दोर वळायचा, आणि गावाने जाता-येता खुशाल चालायचं. इतकी वर्षं कोणाच्या डोळ्यात आली नव्हती ती जागा. आता या संग्रहालयाला हवी आहे. पर्यटक सुविधा केंद्र! खाली दाराशी रंगीत चित्र लावलंय, बघितलंत का? सहा बसगाड्या उभ्या राहतील एवढी फरशी, पुढे उपाहारगृह, पुढे स्वच्छतागृहं, नदीच्या टोकाला भेटवस्तूंचं दुकान. म्हणजे कसं, की दोर कसा वळायचे ते बघायला लांबून लोक येणार, आणि बस कुठे लावणार? तर जिथे दोर वळायचे तिथे! एवढी शिकलेली माणसं एका टेबलाभोवती बसली होती, एकालाही हसू आलं नसेल का हो? गावात विचारा तुम्ही. दूधवाला म्हणतो, आमची विहीर उन्हाळ्यात तळ दाखवते, तिच्यातलं पाणी सहा बसभर माणसांच्या हात धुण्याला पुरणार कसं? शाळेतल्या बाई म्हणतात, मुलं पट्टीवरून येतात कारण रस्त्यावर गाड्या असतात, आता गाड्याच पट्टीवर आणल्या तर मुलांनी उडत यायचं का? एक न्हावी तेवढा खूश आहे. त्याला वाटतं लांबून आलेली माणसं गाडीतून उतरल्या उतरल्या दाढी करायला बसतील.

बाहीला काहीतरी लागलंय तुमच्या. धागा आहे वाटतं. निळा. असू दे, झटकला की निघेल.

काय सांगत होतो? चित्र. त्या चित्रात मी पण आहे, कळलं का तुम्हाला? हिरवळीचा एक तुकडा काढलाय उपाहारगृहासमोर, त्यावर एक म्हातारा, हातात दोरी. ती म्हणाली, हे तुम्ही, काका! दर रविवारी तुम्ही इथे लोकांना दोर वळून दाखवायचा! मी पावलं मोजली त्या चित्रातली — बारा. बारा पावलांत काय वळू? बुटाची नाडी? ती कोण म्हणजे — इथलीच, वस्तू गोळा करते, त्यांची नोंद ठेवते, तिचं काहीतरी मोठं पद आहे. गावात तिला चष्मेवाली म्हणतात. मी बाळ म्हणायचो. दोन हिवाळे आमच्या घरी येत होती, ताई, दोन हिवाळे! माझं मोडलेलं हाड जुळायचं होतं, मी खाटेवर, आणि ही उशाशी बसून आवाज टिपायचं यंत्र समोर धरून विचारायची, काका, ताग भिजवायचा किती, काका, पीळ पुरे झाला हे कळतं कसं. कोणी विचारलंय का असं आयुष्यात? माझ्या बायकोने नाही विचारलं, देव तिचं भलं करो. मी सांगत सुटायचो, माझं चऱ्हाट संपायचं नाही, आणि ती चष्मा पुसून पुसून लिहून घ्यायची. एकदा रडलीसुद्धा, वडिलांचं शेवटचं आजारपण मी सांगितलं तेव्हा. आणि म्हणाली, काका, खरं संग्रहालय ही पट्टीच आहे, हिला आम्ही कोणाला हात लावू देणार नाही. हे तिचे शब्द. हे मात्र त्या यंत्रात नाहीत. तिथे फक्त माझंच बोलणं ठेवलंय, तिचं सगळं कापलंय.

आणि मग पट्टी मागणारा संग्रहालयाचा हा अर्ज आला. शाळेतल्या बाईंनी त्याची प्रत आणली आणि शाळेच्या ओट्यावर सगळ्यांना वाचून दाखवली, गेल्या आठवड्यात. आठ पानं नुसती प्रस्तावना नि नकाशे. नवव्या पानावर — "सदर जागेचा मूळ वापर संपुष्टात आला असून, स्थानिक कारागिराच्याच शब्दांत" — आणि पुढे मी! "दोर वळणं बंद झालं, पट्टी आता नुसती पडून आहे." अवतरणात. खोकला तेवढा वगळून. बाई वाचता वाचता थांबल्या. सगळा ओटा माझ्याकडे वळला. दूधवाला, नावाडी, तो न्हावीसुद्धा. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. दगा झाला, ताई. दुसरा शब्द नाही माझ्याकडे, दगा झाला. माझ्या घरात बसून, माझ्या तोंडून, माझ्याच जमिनीचा निकाल लिहून घेतला हो तिने! आणि वर काल फोन करते, काका, सुनावणीला नक्की या, पहिल्या रांगेत तुमची खुर्ची ठेवली आहे. खुर्चीवर नाव लावलंय म्हणे — शेवटचा दोरवाला.

धाकटी तेवढी वळली नव्हती. धाकटी म्हणजे माझी बहीण. ती ओट्याच्या कडेला बसून खाली बघत होती, नखात अडकलेला धागा काढत होती.

पण मी काही कच्चा नाही. आज वर जाऊन काय सांगणार आहे ठाऊक आहे? सांगणार की तो आवाज जुना, आजारी माणसाचा, तापात बरळलेला. मी दर हंगामात दोर वळतो, या वर्षीही वळला. हात पुढे करून दाखवणार, हे बघा, हे घट्टे — आहेत की नाही अजून? बोटाला बोट घासलं तर आवाज येतो. सुनावणी घेणारे कुठल्या तरी मोठ्या कचेरीतून येणार, टेबलामागे बसणार, त्यांना सहा वर्षांपूर्वीचा घट्टा कोणता नि कालचा कोणता, काय कळतंय? ...म्हणजे हो, सहा वर्षं झाली. तुम्हाला म्हणून सांगतो. सहा वर्षांत मी सूत हातात धरलेलं नाही. पण आता काट्याने काटा काढायचा तर एवढं चालतं, त्यांनी माझं खरं बोलणं खोट्याला वापरलं, मी खोटं बोलणं खऱ्याला वापरतो.

काय म्हणालात? जरा मोठ्याने — कोणीच नाही का पट्टीवर? कोणीच कसं नाही. धाकटी असते ना. रोज असते, पहाट झाली की. पण तो दोर नाही हो. कसं सांगू तुम्हाला... ती नायलॉनचा वळते. निळा, मासेमारीच्या जाळ्यांना असतो तसला, तयार रिळं येतात. सूत ओढायचं नाही, ताग भिजवायचा नाही, नुसते धागे ताणायचे आणि पीळ द्यायचा. आणि चाक? सायकलचं! त्याला कपडे धुण्याच्या मशीनची जुनी मोटार लावली आहे तिने, स्वतःच, पट्टा बसवून — बटण दाबलं की घर्रर्र. आणि चालते कशी सांगू? तोंड पुढे करून! धागे खांद्यावरून घेऊन नदीकडे तोंड करून चालते, बाजाराला निघाल्यासारखी. माझ्या आजोबांनी बघितलं असतं तर त्या दिवशी जेवले नसते. आमच्याकडे जो मागे चालला नाही त्याचा दोर हा दोरच नाही. तो तुमचा काय तो, दोरीसारखा काहीतरी. मग चष्मेवालीने विचारलं तेव्हा मी काय सांगायचं होतं? तिने विचारलं, आता कोण वळतं? मी म्हटलं कोणी नाही. मोजलंच नाही मी ते. खरंच सांगतो, खोटं बोलतोय असं वाटलंसुद्धा नाही त्या वेळी. बाहेर मोटारीचा आवाज येत होता, खाटेवर पडून ऐकू येत होता — त्या यंत्रात पण आहे, नीट कान देऊन ऐका, माझ्या बोलण्यामागे बारीक घरघर आहे. चष्मेवाली म्हणाली, काका, हा कसला आवाज? मी म्हटलं, काही नाही, बहीण आहे.

नावाडी घेतात तिचाच दोर, हो. पाण्याने कुजत नाही म्हणतात. गेल्या पुरात अकरा नावा बांधल्या होत्या, एक सुटली नाही. असेल. मी कुठे नाही म्हणतो.

मग हेच वर सांगा म्हणता? सोपं आहे तुम्हाला. बाहीला धागा लागला की झटकायचा, तसं. मी वर उभा राहून सांगू की शेवटचा मी नाही? की मी खाटेवर पडून गप्पा मारत होतो आणि माझी बहीण बाहेर एकटी... नाही, एक मिनिट, तुम्हाला तिची बाजू घ्यायची असेल तर आधी माझी ऐका. मी थांबलो तो हौसेने नाही. पडलो मी. सहा वर्षांपूर्वी, वारा होता, धुळीत चाकावरचा हात दिसत नव्हता, मी भरला भारा घेऊन मागे चाललो होतो, तीनशे पावलं झाली असतील, आणि विजेच्या खांबासाठी कोणी मूर्खाने पट्टीवर खड्डा खणून ठेवला होता. गेलो मागच्या मागे. कमरेचं हाड. आणि चाकावर कोण होतं? धाकटी. नऊ वर्षांची असल्यापासून चाकावर तीच. तिचं काम काय? ओरडायचं. ती ओरडली नाही. सगळ्या गावाला मी हेच सांगितलं. चाळीस वर्षं जिच्या भरवशावर उलटा चाललो ती ऐन वेळी गप्प बसली. दगा म्हणतात तो हा पहिला, चष्मेवालीचा दुसरा.

नावाडी म्हणाला, मला पलीकडच्या काठावर ऐकू आलं तिचं ओरडणं. खड्डा, खड्डा, तीन वेळा. नावाडी काय, काहीही बोलतो. ...डॉक्टरने मला त्याच्या आदल्या वर्षीच सांगितलं होतं, कानाला यंत्र लावा म्हणून. उजव्या. नाही लावलं. चारचौघांत बरं दिसत नाही, आणि दोरवाल्याला कान लागतात कशाला, बोटं लागतात, असं म्हणालो. घरी सांगितलंच नाही. धाकटीला अजून माहीत नाही. सहा वर्षं ती समजते की तिचाच आवाज कमी पडला. एकदा मी खिडकीतून बघितलं तिला, पट्टीच्या टोकाशी एकटी उभी राहून नदीकडे तोंड करून ओरडत होती. खड्डा, खड्डा. पुरतंय का ते बघत होती.

हे तुम्ही लिहीत नाही आहात ना? बरं.

आणि आता तोंड पुढे करून चालते म्हणून मी तिला नावं ठेवतो. उलटी कशी चालणार ती? चाकावर मोटार आहे. मोटार ओरडत नाही.

ते चाक बघा, काचेतलं. जवळ जाऊन बघा, मी इथूनच सांगतो, मला ते आता जवळून बघवत नाही. पाटी काय म्हणते? "शेवटच्या दोरवाल्याचं चाक. संग्रहालयास सप्रेम भेट." भेट कसली, मी म्हटलं होतं हिवाळाभर ठेवा, बघू दे लोकांना, मग परत. कागदावर भेट लिहिलं होतं, मी चष्मा न लावता सही केली, ते जाऊ दे. तुम्ही मूठ बघा. लाकडी मूठ आहे ना, ती फिरवायची, ती कुठून झिजली आहे? डावीकडून. अंगठ्याएवढा खळगा पडलाय, दिसला? मी उजवा, ताई. माझे वडील उजवे, आजोबा उजवे. घरात डावखुरी एकच. त्या मुठीला माझा हात चाळीस वर्षांत लागलाच नसेल, लागायचं कारण काय, मी तर नेहमी चारशे पावलं दूर! चष्मेवालीने त्या मुठीचा फोटो काढला, मोजमाप घेतलं, आणि खाली लिहिलं, कारागिराच्या हाताची खूण. मी वाचलं आणि मान हलवली. छान लिहिलंय म्हटलं. ज्या दिवशी गाडी आणून चाक नेलं त्या दिवशी धाकटी कुठे होती विचारा. माझंच औषध आणायला गेली होती. परत आली, दारातला कोपरा रिकामा. पिशवी हातातच, बघत राहिली. मी भिंतीकडे तोंड केलं. वाटलं आता रडेल, भांडेल, काहीतरी फेकेल. विचारलं काय तिने? देण्याआधी तेल घातलं होतंस का रे दादा, नाहीतर गंजेल. बस. मग मला औषध दिलं, पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याकडून सायकलचं चाक घेऊन आली.

कोण, पहारेकरी येतोय का इकडे? माझ्याकडेच येत असेल, वर चला म्हणायला, पहिल्या रांगेत बसवायची घाई असेल. येतो रे, तीन वाजायचेत अजून — काय? मला नाही? यांना? "मॅडम, वर सगळे जमलेत, तुम्ही आल्याशिवाय सुरू कसं करणार?" ...

तुमच्याशिवाय.

अच्छा. तुम्ही घेणार सुनावणी. टेबलामागे बसणाऱ्या त्या तुम्हीच. मी आपला तुम्हाला घट्टे दाखवत बसलोय. अहो सांगायचं तरी! नाही, तुमचं बरोबर आहे, मी तुम्हाला बोलू दिलं कुठे. बुटांना चिखल आहे तुमच्या. नदीकाठचा, तो चिखल दुसरीकडे कुठे नाही, मला तेव्हाच दिसायला हवा होता. आणि बाहीवर तो धागा. झटकू नका, थांबा. सकाळी पट्टीवर गेला होतात तुम्ही? भेटली ती? काम चालू होतं? चालूच असणार. विचारलंत तिला? काय म्हणाली? — या बाजूला या, या कानाशी, नीट सांगा. काय म्हणाली धाकटी?

"दोर माझा भाऊ वळतो. मी नुसतं चाक बघते."

असं म्हणाली? आज सकाळी? मोटार चालू असताना, निळा धागा खांद्यावर असताना? आणि लिहिलंत तुम्ही तसं. लिहिणारच की, ती म्हणाली तर. म्हणजे तुमच्या वहीत एका पानावर ती म्हणते भाऊ वळतो, आणि इथे कानात भाऊ म्हणतो बंद झालं. दोन्ही जोडलं की संपलं, नाही का? पट्टी गेली. बसगाड्या आल्या. चष्मेवालीला काही करायलाच नको, आम्ही दोघांनीच करून दिलं... तिला कळत नाही असं नाही हो. कागदातली ओळ तिला पाठ आहे, वडिलांनी आम्हा दोघांकडून पाठ करून घेतली होती. दोर वळला जाईल असं आहे त्यात, कोणी ते नाही. दोर मी वळते एवढं एक वाक्य बोलली असती तर पट्टी वाचत होती. पण मग मी खोटा ठरलो असतो, गावासमोर, या काचेसमोर. ते तिला दिसलं. अजून माझ्या मागचंच बघत बसली आहे ती. सहा वर्षं झाली, चाक नेलं, तरी.

नाही, पाणी नको. ठीक आहे मी.

तुम्ही जा वर, लोक थांबलेत. मी इथे जे बोललो ते धरू नका, इथे मी एकटा होतो, एकट्याने काहीही बोलता येतं. वर विचारा मला. सगळ्यांसमोर, ती दाराशी उभी असेल, आत बसायची नाही ती, ती येईपर्यंत थांबा आणि मगच विचारा. पहिला प्रश्न हाच — दोर कोण वळतं? आणि मला मी चांगला ओळखतो, मी खोकेन, कागदाकडे बघेन, आमच्या आजोबांपासून सुरुवात करेन. मला थांबवायचं आणि परत विचारायचं. मोठ्याने विचारा, उजव्या कानाने मला ऐकू येत नाही, हेही तिच्यासमोरच सांगा हवं तर. नाही, ते मी सांगतो. ते माझं मला सांगू दे.

तो धागा राहू दे बाहीवर. जा आता.